हवेत किती खोल उतरायचं

लाटंबार्से, ११ मे २०२५

भाई,

व्हॉट्सॲपवर तू मला बंद करून ठेवलंयस, फोन उचलत नाहीस, ईमेलचं काय होतं देव जाणे. कागद बंद करता येत नाही, फार तर फाडता येतो. आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. म्हणून महत्त्वाचं आधी लिहिते. ऑफिसातून तो फॉर्म पुन्हा आलाय.

जवळच्या नातेवाइकांपैकी कुणी परदेशी नागरिक आहे का, असल्यास नाव, नातं, पत्ता. २०२२ साली त्यावर मी ‘भाऊ: नाही’ लिहिलं होतं. आता कंपनीला नवीन सरकारी काम मिळालंय, त्यामुळे नियंत्रणकक्षात बसणाऱ्या सगळ्यांनी चौदा ऑगस्टच्या आत तो फॉर्म नव्याने भरायचा आहे. पुन्हा ‘नाही’ लिहिलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. तू पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलास तेव्हाच डिचोलीच्या ऑफिसात जाऊन रेशनकार्डावरचं तुझं नाव कमी करून आणलं होतं. कागदोपत्री आपल्या आईबाबांना, शिवदास आणि जानकीला, एकच मूल. ‘आहे’ लिहिलं, तर मात्र आधीचं खोटं उघडं पडतं आणि मला कक्षातून उठवतात. अर्ध्या पेडण्याचे भाऊ पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात आहेत आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते लपवलं म्हणून.

उठवलं तर चानीचं काय, हा माझा प्रश्न आहे. चानी म्हणजे आमचा उपग्रह. नाव मी ठेवलं. माझ्यासोबत परशुराम म्हणून बेळगावचा एकजण काम करतो, तो आपल्या ‘चानी’चं मराठी करून तिला मुद्दाम खारूताई म्हणतो आणि मी चिडते. ती आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजपेक्षा थोडी मोठी असेल. दुसऱ्याच्या मोठ्या रॉकेटात उरलेल्या जागेवर बसून वर गेली, त्यामुळे त्यांनी सोडलं तिथे उतरावं लागलं. आता ती लांबोळक्या वाटेने फिरते. एक टोक पृथ्वीच्या अगदी जवळ, दुसरं छत्तीस हजार किलोमीटरवर. आम्हाला हवी साडेपाचशेवर, गोल फिरणारी, शेतांचे आणि खाड्यांचे फोटो काढणारी. हे सगळं इंजिनाने करायचं तर इंधनाची टाकीच तिच्याहून मोठी लागली असती.

जवळच्या टोकाला चाल थोडी कमी केली की लांबचं टोक आपोआप खाली येतं. ती चाल आम्ही हवेकडून कमी करून घेतो. एकशे चौतीस किलोमीटर उंचीवर हवा नसल्यातच जमा असते, पण सेकंदाला दहा किलोमीटर पळणाऱ्या वस्तूला ती लागते. चानी दोन्ही सौरपॅनेलं आडवी धरून पाचेक मिनिटं त्या हवेतून जाते, तापते, जराशी मंदावते आणि परत वर निघते. एप्रिलपासून प्रत्येक फेरीत हेच चाललंय. आज लांबचं टोक एकोणतीस हजारांवर आलं, एका फेरीला साडेआठ तास लागतात. याच गतीने बावीस ऑगस्टला काम संपेल.

खोल उतरली तर पॅनेलं भाजतात. उथळ राहिली तर वर्ष जातं. किती खोल, ते रोज मी ठरवते, आणि हे काम मला कुणाच्या हातात द्यायचं नाही. तारखा बघ, फॉर्म चौदाला आणि चानी बावीसला. आठ दिवसांनी माझं घोडं अडलंय.

त्या दिवशी बाबा जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. मी त्यांची बाजू घेत नाही. मी ‘नाही’ का लिहिलं ते तुला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, पुन्हा उगाळत नाही. तू फक्त एवढं कळव: तुझं नाव लिहू का? तू ‘नको’ म्हणालास तर माझं काम सोपं होईल. हे वाचायला किती वाईट दिसतंय ते मला दिसतंय. तरी पाठवते.

गौरवी


लाटंबार्से, ८ जून २०२५

भाई,

उत्तर नाही. पोस्टातली बाई म्हणाली स्विंडनला बारा दिवस लागतात, म्हणजे तू वाचून दहा-पंधरा दिवस झाले. किंवा फाडून.

घरचं सांगते. आई दर रविवारी तुझ्याशी बोलते तेव्हा बाबा उठून बाहेर जातात, हे तुला ठाऊक असेल. मागे ते माडांना आळी करायचे, हल्ली गुडघा दुखतो म्हणून नुसते गेटापाशी उभे राहतात. फोन संपला की आत येऊन विचारतात, “चेडूं बरें आसा मगो?” एवढंच. तुझ्या लेकीचं, ताराचं विचारतात. तुझं नाही विचारत. आईने ताराचा शाळेतला फोटो त्यांच्या औषधांच्या डब्याजवळ ठेवलाय.

मी रोज स्कूटरने इब्रामपूरवरून पेडण्याला जाते. चानीच्या हवेत दिवसाला चार बुड्या होतात आता, त्यातल्या दोन तरी माझ्या पाळीत येतात. बुडीच्या वेळी चानी बोलत नाही. ती हवेत शिरली की आमच्याकडे नुसती रेघ दिसते, आणि पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली की आकडे येतात. मध्ये करण्यासारखं काही नसतं. परशुराम डबा उघडून जेवतो. मला बसवत नाही, मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारते, त्यावरून तो म्हणतो की गौरवीपण कक्षेत आहे. पोस्टात, बाजारात, आईबरोबर देवळात, कुठेही असले तरी माझ्या डोक्यात पुढच्या बुडीची वेळ चालू असते. परवा भाकरी तव्यावर ठेवून घड्याळ बघत बसले. भाकरीचा कोळसा.

बाबांनी परवा आपण होऊन विचारलं. त्यांनी माझ्या कामाचं कधी विचारल्याचं तुला आठवतंय?

“तुज्या चानयेक ब्रेक आसा?”

“ना बाबा. हवेनंच मंद होते.”

“मागीर बार्जीपरस येगळें कितें? बार्जीकय ब्रेक नासता.” मग कधी नव्हे ते खुलले. बार्जीवर कामाला होते तेव्हा खनिजाची रिकामी बार्ज घेऊन सारमानसच्या जेटीला लागायचं असलं की अर्धा मैल आधीच इंजिन बंद करायचे, बाकीची चाल पाणी खायचं. सुकाणूवर नवा तांडेल असला तर त्याला धीर धरवत नसे, तो जेटीजवळ येईपर्यंत इंजिन चालवायचा आणि मग उलटं फिरवून बोंबलायचा. “कितलें पाणी खावपाक दिवचें, तें कोण थारायता थंय?”

“मी ठरवते.”

“तर घाय करूं नाका गो.”

मी मान हलवली. खरं तर घाई करून झाली होती. सोमवारपासून मी चानीला एकशे चौतीसवरून एकशे एकोणतीसवर उतरवलंय. पाच किलोमीटरचा फरक ऐकायला काहीच नाही, पण हवा जवळजवळ दीडपट दाट. क्लायंटला फोटो लवकर हवे आहेत, त्यांची घाई आहे. आता काम नऊ ऑगस्टलाच संपेल. योगायोगाने फॉर्मच्या तारखेच्या आधी. म्हणजे चानी जागेवर बसली की मी निवांत खरं काय ते लिहीन, मग मला उठवा नाहीतर बसवा. बघ, सगळं कसं जुळून येतंय.

पॅनेलं जरा जास्त तापतात. मर्यादेच्या आत आहेत.

गौरवी


लाटंबार्से, ६ जुलै २०२५

भाई,

काहीही जुळून आलं नाही.

बुधवारी दुपारी सव्वाबाराची बुडी. आदल्या दिवशी सूर्यावर काहीतरी उसळलं होतं. तसं झालं की वरची हवा तापून फुगते, आणि त्याच उंचीवर नेहमीपेक्षा दाट लागते. सूचना मी वाचली होती. सकाळी नऊला वाचली, भाई. लांबच्या टोकाला असताना चानीच्या इंजिनाला एक बारीक धक्का दिला असता तर बुडी तीन किलोमीटर वर सरकली असती. पण तसं केलं की तारीख दोन दिवस पुढे जाते. मी म्हटलं, निभेल.

सात मिनिटं झाली, आठ झाली. परशुरामने डबा मिटून बाजूला ठेवला. नवव्या मिनिटाला आकडे आले. उजव्या पॅनेलची मर्यादा एकशे साठ अंश, आणि ते गेलं होतं एकशे सदुसष्टला. सौरघटांची एक पूर्ण ओळ बंद पडली होती. ती आता कधीच चालू होणार नाही. बाकीच्यांवर काम निभावेल, पण मी तिचा एक पंख भाजला.

पहिला धक्का आम्ही तिला वर काढायला दिला. मग परशुरामने खुर्ची माझ्याकडे वळवली. तो कधी आवाज चढवत नाही. “काय करायलीस तू? कुणी सांगितलंय खोल जायला? क्लायंटचं एक पत्र दाखव मला.”

पत्र नव्हतं. क्लायंटला कसलीही घाई नाही, त्यांनी तर सप्टेंबर धरला होता. मागच्या पत्रात मी तुला थाप मारली. मला फक्त चौदा ऑगस्टच्या अलीकडे पोचायचं होतं. तुझं नावही लिहायचं आणि खुर्चीही सोडायची नाही, असा माझा बेत होता. चारशे लोकांनी तीन वर्षं खपून केलेली वस्तू मी त्यासाठी तापवली.

परशुरामला मी सगळं सांगितलं. फॉर्मचं, तुझं. त्याने अहवालाचं पान उघडलं. मग म्हणाला, “अहवालात मी ‘सौरवादळ’ लिहितो. खोटं नाही ते. पण यापुढं किती खोल, ते दोघांनी मिळून ठरवायचं.” मी हो म्हटलं. लाज वाटली. ज्याला मी सहा महिने डबेवाला म्हणून हिणवलं त्याने मला झाकलं. आणि कुणी मला झाकायची ही पहिली वेळ नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ‘सौरवादळ’ काढायला लावलं आणि ‘सूचना मिळूनही उंची वाढवली नाही, निर्णय गौरवीचा’ असं माझ्या हाताने घातलं. वरच्यांनी खरडपट्टी काढली, पण काम काढून घेतलं नाही. चानीला माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नाही, हे त्यांनाही कळतं. ते वाक्य लिहायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. यापेक्षा जड दुसरं एक आहे.

चानी आता एकशे चौतीसच्याही जरा वर, भाजलेल्या पॅनेलला जपून; खोल जाऊन कमावलेले दिवस त्यात गेले. लांबचं टोक नऊ हजारांवर, तीन तासांची फेरी. काम संपणार बावीस ऑगस्टला. फॉर्म चौदालाच. आम्ही होतो तिथेच आलो.

गौरवी


लाटंबार्से, २ ऑगस्ट २०२५

भाई,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आज लिहून झालं की लगेच स्कूटर काढून पोस्टात टाकणार आहे, वाचून बघणार नाही.

तुला वाटतं त्या दिवशी बाबांनी तुला नाकारलं. ते त्यांच्या मनचं नव्हतं. मी त्यांना तसं सांगायला लावलं होतं.

एकोणीस जानेवारी २०२२. फॉर्म मी वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात भरला होता. ऑफिसातल्या एकाने घाबरवलं होतं की परदेशी भाऊ लिहिलास तर चौकशी सहा महिने लांबते आणि जागा जाते. मी दोन अक्षरं लिहिली आणि सुटले. तू त्या वर्षी येशील असं वाटलंच नव्हतं. तू आलास, आणि तुझ्या सुट्टीच्या मध्येच कंपनीने पत्ता तपासायला माणूस पाठवला. मी पेडण्यात होते. सकाळी दहाला बाबांना फोन केला. म्हटलं, आज माणूस येतोय, भाई घरात आहे असं सांगू नका.

“मागीर कोण म्हणूं ताका?”

“सांगा, आईचा भाचा. दोडामार्गचा.”

बाबा म्हणाले, “म्हजो पूत म्हज्या घरांत आसतना ताका भाचो म्हणूं?”

“एक दिवस बाबा. एकच दिवस. नोकरी जाईल माझी.”

पुढचं मला आईने सांगितलं. तो माणूस ओट्यावर बसला होता आणि चहाचा ट्रे घेऊन तू बाहेर आलास. त्याने विचारलं, हे कोण? बाबा म्हणाले, “ह्यो बायलेचो भाचो.” तू ट्रे खाली ठेवलास, बाबांकडे बघितलंस, आणि त्या माणसाला म्हणालास, “हय, दोडामार्गचो. मावशेगेर सुट्टेक आयलां.” त्याला साखर विचारलीस. तुला कुणी काही सांगितलेलं नव्हतं आणि तरी तू बाबांचा शब्द खाली पडू दिला नाहीस. हे आठवलं की मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

आठवडाभर बाबा तुला चेष्टेने ‘पोर्तुगेज’ म्हणत होते. म्हणून तू संध्याकाळी त्यांना विचारलंस, “इतली लज दिसता तुमकां म्हजी?” आणि ते गप्प राहिले. लाज कसली, भाई? तुझा पासपोर्ट व्हावा म्हणून पोर्तुगीज राजवटीतला स्वतःचा जन्म लिस्बनला नोंदवून घ्यायला तेच पणजीला सात खेपा घालत होते. खाणी बंद पडल्यावर तुझा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा तुला जा म्हणणारे तेच. “गौरवीने सांगितलं” एवढे दोन शब्द ते बोलले असते तर तू ठरल्याच्या दहा दिवस आधी निघून गेला नसतास.

याहून वाईट पुढे आहे. तू तिकडे पोचल्यावर मला फोन केलास. आईच्या बोलण्यातून तुला माझ्या फॉर्मचं कळलं होतं आणि विचारत होतास की तू ‘नाही’ का लिहिलंस. मी म्हणाले, “बाबांनीच लिहायला लावलं.” माझ्या तोंडून पटकन निघून गेलं. तू म्हणालास, आणि तू लिहिलंस? मग फोन ठेवलास तो ठेवलासच. मी वळले तर बाबा मागे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मला म्हणाले, “जेव चल.” आणि साडेतीन वर्षांत एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही.

मागच्या आठवड्यात मी काढला. विचारलं, तुम्ही भाईला खरं का नाही सांगितलं? ते गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या चौकटीला तेल लावत होते. चवथ जवळ आली ना. हात न थांबवता म्हणाले, “बापायचेर राग धरलो तर भुरगीं जगतात. भावा-भयणींक फुडें खूब वर्सां आसतात.” म्हणजे त्यांनी हिशेबाने तुझा राग स्वतःवर घेतला, तू माझ्याशी तरी बोलत राहावंस म्हणून. आणि तू दोघांशीही बोलायचा बंद झालास. त्यांनी सोसलेलं व्यर्थ गेलं ते माझ्या त्या एका वाक्यामुळे.

मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. बाबांना फोन कर. ते अडुसष्टचे आहेत आणि गेटापाशी उभे राहतात.

गौरवी


लाटंबार्से, १५ ऑगस्ट २०२५

भाई,

काल फॉर्म भरला. भाऊ: श्रीनाथ. नागरिकत्व: पोर्तुगाल. पत्ता: स्विंडन. खाली ‘२०२२ मध्ये दिलेली माहिती खोटी होती आणि ती मी जाणूनबुजून दिली होती’ अशी ओळ जोडली. ती मागितली नव्हती.

परशुराम म्हणाला होता, आठ दिवसांची मुदत मागून घे, चानी वर बसू दे, मग भर. मागितली असती तर मिळालीही असती. पण बावीसला मी आणखी आठ दिवस मागितले असते. मला मी ठाऊक आहे.

कार्मिक विभागाच्या वर्षा मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. चौकशी संपेपर्यंत घरी, असं झालं. पुढे नोकरी राहते की नाही ते कुणी सांगत नाही. कार्ड दिलं, खुर्चीवरचा माझा रुमाल घेतला आणि अकरा वाजता बाहेर. पावणेबाराला बुडी होती. मी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून घड्याळात ती पाच मिनिटं पूर्ण केली. आकडे काही मला येणार नव्हते. वॉचमन विचारायला लागला, कुणाची वाट बघताय?

आता सर्वांत वाईट आठ दिवस आहेत. लांबचं टोक खाली आलंय, फेरी दीड तासावर आली, दिवसाला पंधरा-सोळा बुड्या. पूर्वी चूक झाली तर सावरायला वेळ असायचा. आता एखाद-दोन दिवस लक्ष चुकलं तरी ती वर यायचीच नाही. खाली येऊन जळून जाईल. आणि शेवटी नेमक्या फेरीला तिला इंजिनाने हवेबाहेर काढायचं. लवकर काढली तर इंधन पुरत नाही, उशीर झाला तर चानीच नाही. हे सगळं परशुराम करणार. मी त्याला माझी वही देऊन आले. फोनवर बोलायची मला मनाई आहे.

मी घरात काय करते विचारू नकोस. सगळी कपाटं लावली. आईचे डबे घासले, मग पुन्हा घासले. आई म्हणाली, बस गो बाये, डब्यांची कल्हई जाईल.

माझं दोन तारखेचं पत्र आज-उद्या तुला पोचेल.

गौरवी


लाटंबार्से, २५ ऑगस्ट २०२५

भाई,

चानी वर बसली. शुक्रवारी अकरा चाळीसला. दुपारी परशुरामचा फोन आला. मनाई असून केलान. “आली गं वर. साडेपाचशे, गोल गरगरीत. शेवटच्या बुड्या तुझ्या वहीतल्यापेक्षा दोन किलोमीटर वरच ठेवल्या मी, मला तुझ्याएवढं धाडस नाही.” मी म्हटलं, बरं केलंस. फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले. आनंद झाला, आणि ती खुर्ची माझी होती म्हणून जळफळाटही झाला. दोन्ही खरं आहे.

रविवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा आम्ही तिघं माटोळीचं सामान लावत होतो. आईच्या फोनवर तुझं नाव दिसलं. बाबा सवयीने उठले आणि दाराकडे निघाले. आईने “हॅलो” म्हटलं, ऐकलं, आणि फोन त्यांच्यापुढे धरला. “तुमकां विचारता.”

बाबांनी हात धोतराला पुसले, दोनदा. फोन कानाला लावून म्हणाले, “कोण?” त्यांना माहीत होतं कोण ते. तू तिकडून काहीतरी विचारलंस. मग म्हणाले, “ना रे. कसली लज? लज कसली रे पुता?” आणि खाली बसले. पाटावरच्या सुपाऱ्या बाजूला सारायचंही भान नव्हतं, त्यांच्यावरच बसले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तुम्ही पस्तीस मिनिटं बोललात. ताराला त्यांनी कसल्या कसल्या फळांची नावं सांगितली, ती तिकडून काहीतरी चुकीचं म्हणत असावी, कारण बाबा हसत होते. त्यांचं तसं हसणं मी विसरले होते. मी हातातलं फडकं घड्या घालून पुन्हा उलगडत होते. आता म्हणतील, घे, गौरवीशी बोल. प्रत्येक वाक्याला वाटत होतं. काय बोलायचं ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं.

मग ते म्हणाले, “बरें, फाल्यां करतां,” आणि उद्याच्या बोलीवर फोन ठेवला.

माझ्याकडे बघून त्यांनी लपवालपवी केली नाही. “तुजें नांव काडलें हांवें. तो म्हणालो, तिचें आतां नाका.” थोड्या वेळाने म्हणाले, “राग आसा ताका. आसूं दी.” आणि पुन्हा सुपारीचा घड बांधायला लागले.

मला वाईट वाटलं, भाई. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मनात कुठेतरी मी धरून चालले होते की खरं सांगितलं की तू लगेच मला परत घेशील. दिवसभर मी त्यांच्या हातात दोरा देत होते आणि धुमसत होते. पण ते बांधता बांधता काहीतरी गुणगुणत होते, आणि संध्याकाळी मी गेटापाशी नजर टाकली तर तिथे कुणी उभं नव्हतं. तुझा राग बरोबर आहे. साडेतीन वर्षं तो चुकीच्या पत्त्यावर जात होता.

आज वर्षा मॅडमचा फोन आला. चौकशीचा निकाल यायचा आहे, पण त्याआधी म्हणाल्या, तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा राहिलाय, तेवढा सांगा, मीच भरते. सदर नातेवाइकाचा कुटुंबाशी संपर्क आहे का?

मी म्हटलं, “आहे. वडिलांशी.”

“आणि तुमच्याशी?”

“लिहा, नाही.” या खेपेला ते खरं होतं.

गौरवी